वाटेचा नारळ

२५ मार्च २०२५, मंगळवार.
सकाळी नळाला पाणी आलं नाही, टाकीतलं पुरवलं. पेपरही नाही. ऊन फार, तुळशीची कुंडी गच्चीवरून सावलीत ओढली. न्याहारीनंतर पाणंदीकडून हळद शिजल्याचा वास यायला लागला, तो दुपारभर घरात होता. दूधवाला सांगून गेला की किसनरावांची पांढरी गाडी त्यांच्याच फाटकापुढे ओढ्यात अडकून पडली आहे आणि अर्धा गाव ओढ्यावर जमला आहे. दिवस कलल्यावर डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई अशी हाक मारत गोजरबाई येऊन गेली. तिने सांगितलं ते इथे चार ओळींत मावणार नाही, वेगळ्या कागदावर लिहिते. राग आला आहे, तो झाकणार नाही.

*

गोजरबाई कनेरगाव नाक्याकडची. तिकडच्या बाया तोंडाळ असतात, असं तिच्या सासूचं ठाम मत होतं, आणि गोजरबाईने ते कधी खोटं पाडलं नाही. लग्न होऊन ती जांभळदरीला आली तेव्हा गावात शिरायच्या आधीच तिने नवऱ्याच्या गावाला नावं ठेवली होती. तेव्हा वऱ्हाड रानातल्या देवाला नारळ फोडून मगच घरी यायचं. देवदर्शन झालं, आणि परतीच्या वाटेवर ओढ्यात बैलगाडीचं चाक रुतलं. नवरी खाली उतरली, शालू गुडघ्यापर्यंत खोचला आणि चाकाला हात लावला. वर म्हणाली, "असली वाट असती का? आमच्याकडं म्हशीबी न्हाई जात असल्या वाटंनं." नवरदेव जळबा, जन्माचा मितभाषी, तो एवढंच म्हणाला की आता तुलाच जायचंय हिच्यावरून.

तसंच झालं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालचं हे गाव. मारुतीच्या मागून जी पाणंद निघते ती बाभळी-बोरींच्या दोन कुंपणांमधून एक गाडी कशीबशी जाईल एवढीच रुंद, आणि ती खाली ओढ्यापर्यंत जाते. तिथवर ती सरकारच्या नकाशात आहे. ओढा ओलांडला की किसनरावांचं रान लागतं. त्या रानाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाट पुढे सरकते आणि जळबाच्या, रहमतबीच्या आणि आणखी काही घरांच्या रानांना जाऊन मिळते. हा पुढचा तुकडा नकाशात नाही. तो कोणी आखला नाही, चाकांनी पाडला. किती पिढ्यांच्या चाकांनी, ते सांगायला आता कोणी उरलं नाही.

गोजरबाईचं सगळं आयुष्य या तुकड्यावरून गेलं आहे. डोक्यावर भाकरीची पाटी, कमरेला लेकरू, मागे शेरडं. तिची थोरली मुलगी साधना याच ओढ्यात जन्मली. खुरपताना पोटात कळा सुरू झाल्या, जळबाने गाडी जुंपली, पण ओढ्यापर्यंत येता येता लेकराने वाट पाहायचं सोडून दिलं. बाजूच्या रानातून रहमतबी धावत आली. तिने चिंचेखाली आपली ओढणी पसरली, आपल्याच विळ्याने नाळ कापली आणि विळा ओढ्यात धुताना म्हणाली, "हे पोरगी घाईची हाय, हिला लांब देऊ नको." साधना आता कळमनुरीत असते. रहमतबी अजून तिला वाटेवरची म्हणूनच हाक मारते.

ही वाट कोणाच्या योजनेतून तयार झाली नव्हती आणि कोणाच्या योजनेतून टिकली नाही. पावसाळ्याआधी ओढ्यापलीकडे रान असलेली सगळी घरं एक दिवस ठरवून यायची. पुरुष टेकडीचा मुरूम खणायचे, बाया घमेल्यांनी वाहायच्या, खड्डे बुजवायचे, ओढ्याच्या उतारावर दगड लावायचे. त्या दिवशी कोणाच्या कामाला कोणी मजुरी लावायची नाही, असा दंडक. काही वर्षांपूर्वी पाणंदीच्या तोंडाशी एक पाटी उभी राहिली. पाणंद रस्ता मजबुतीकरण, मंजूर. पाटी मजबूत निघाली. अजून उभी आहे, उन्हाची शेरडं तिच्या सावलीला बसतात. मुरूम मात्र त्यानंतरही बायांनीच टाकला.

आणि एक रीत होती. तीच या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून नीट सांगायला हवी.

आमच्याकडे येळवस असते. मार्गशीर्षातल्या अवसेला घरंच्या घरं रानात जातात, कडब्याची कोपी करतात, पाच दगडांचे पांडव मांडतात, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं पोट फुटेस्तोवर जेवतात. ओढ्यापलीकडच्या लोकांनी जेवायला बसायच्या आधी एक नारळ आणि भज्जी-आंबिलीचं एक ताट किसनरावांच्या वडिलांकडे न्यायचं, ही गोजरबाईच्या सासऱ्याच्या आधीपासूनची चाल. रहमतबीच्या घरूनही नारळ जायचा. नेणाऱ्याने म्हणायचं, "मालक, औंदाबी वाट ऱ्हाऊ द्या." म्हाताऱ्याने म्हणायचं, "वाट काय माझी हाय व्हय? जावा." मग तो नारळ तिथेच फोडायचा, अर्धा ठेवायचा आणि अर्धा परत द्यायचा. लेकरं त्या अर्ध्या खोबऱ्यावर तुटून पडायची.

एवढंच. एकमेकांच्या धुऱ्याला धुरा असलेल्या माणसांनी वर्षातून एकदा एकमेकांना ओळख द्यायची. नारळ वाटेची किंमत नव्हता, आणि म्हाताऱ्याचं उत्तर ही परवानगी नव्हती. हे दोन्ही बाजूंना इतकं ठाऊक होतं की तोंडाने म्हणायची गरज कोणाला पडली नाही.

म्हातारा गेला. किसनराव नारळ घेऊ लागले. पहिल्या वर्षी त्यांनी नारळ फोडला नाही, आत ठेवून दिला. अर्धा परत आला नाही. लेकरं हिरमुसली. गोजरबाई घरी येऊन म्हणाली की बापाचं रान मिळालं पण बापाची जीभ न्हाई मिळाली. जळबा म्हणाला, जाऊ दे, एक नारळ तर हाय.

तो एक नारळ जात राहिला.

किसनराव गावाच्या नात्याने जळबाचे धाकटे भाऊ लागतात. गोजरबाईला वहिनी म्हणतात. त्यांचा आवाज गोड आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी ओढ्याच्या काठाला स्लॅबचं घर बांधलं, पुढे फरशी टाकली, पांढरी गाडी घेतली. मग ते एकेका घरी जाऊन बसू लागले. तुमचं रान लांब पडतं, पोरं शहरात, आता कशाला उन्हातान्हात खेटे घालता, मलाच देऊन टाका. गोजरबाईने त्यांना चहा दिला आणि रान न्हाई दिलं. जाता जाता ते हसत म्हणाले, "वहिनी, रान चांगलं हाय तुमचं. पन वाट नसलेल्या रानाला कोन विचारतं?"

तेव्हा तिला वाटलं, माणूस गंमत करतो आहे. दिवाळी झाली आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, वाट जिथे वर चढते तिथेच, दोन सिमेंटचे खांब आणि मध्ये लोखंडी फाटक उभं राहिलं. फाटकाला कुलूप. बाजूला माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. चाकं बंद, पाय चालू. ही फट आपण माणुसकी म्हणून ठेवली, असं किसनराव गावभर सांगू लागले. बैलं फटीतून जात नव्हती. ट्रॅक्टर जात नव्हता. मांगरुळाच्या पाहुण्याला दिलेलं वासरू न्यायला आलेला टेम्पोही ओढ्यातून परत गेला.

गोजरबाईच्या रानात हळद उभी होती. हळद म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं, नाहीतर फाटकाचा राग नीट कळणार नाही. हळद खणून काढली म्हणजे काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ओली हळद ढिगात फार दिवस ठेवता येत नाही. वरची सुकते, खालची तापते, बुरशी धरते. ती शिजवावी लागते. पूर्वी रानात भट्टी खणून कढईत शिजवायचे. आता कुकर येतो: ट्रॅक्टरच्या मागे एका गाड्यावर बसवलेली पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, आणि बाजूला मोठाले पिंप. पिंपात हळद भरायची, नळीने वाफ सोडायची. जांभळदरीत असा कुकर रहमतबीच्या मुलाचा, चाँद पाशाचा. हंगामात तो रानोरान फिरतो. आणि तो फटीतून जात नाही.

म्हणून मग अर्ज केला. वाट अडवल्याचा अर्ज, तालुक्याच्या कचेरीत. जळबाला हे आवडलं नव्हतं. तो म्हणाला, येळवस तोंडावर हाय, एकदा नारळ घेऊन जातो, गोडीनं बोलतो. गोजरबाई कडाडली, पण तो गेलाच. ताटही नेलं. किसनरावांनी नारळ घेतला, ताट घेतलं, जळबाच्या पाठीवर हात ठेवला. फाटक उघडलं नाही.

संक्रांतीनंतर तहसीलदार साहेब जागा बघायला आले. सोबत मंडळ अधिकारी, तलाठी, आणि किसनरावांचा वकील. ओढ्यात खुर्च्या टाकल्या. किसनरावांचं म्हणणं सरळ होतं: इथे वाट कधी नव्हतीच. लोक धुऱ्यावरून पायी जात असतील, कोण नाही जात. गाड्या कधी गेल्या नाहीत. धुरा त्यांनी आदल्या आठवड्यात ट्रॅक्टर फिरवून भुसभुशीत करून ठेवला होता, त्यामुळे चाकोरी दिसतही नव्हती.

गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वाट कधी नव्हतीच? तिची पोरगी कुठे जन्मली मग, हवेत? ती पुढे झाली. साहेबांनी बोला म्हटलं, आणि ती बोलली. लग्नातलं रुतलेलं चाक सांगितलं, मुरूम सांगितला, ओढ्यातलं बाळंतपण सांगितलं. साहेब ऐकत होते, लिहिणारा लिहीत नव्हता. तिला वाटलं, हे सगळं बाईमाणसाचं बोलणं म्हणून चाललंय. काहीतरी पक्कं सांगायला हवं. तेव्हा तिला सगळ्यात पक्कं जे वाटलं ते तिने सांगितलं.

"साहेब, वाट नव्हती तर आमी सासऱ्याच्या काळापासून दर येळवशीला ह्यांच्या दारात नारळ काहून नेतो? विचारा त्यास्नी. औंदाबी नेला. घेतलाय त्यांनी."

रहमतबीने मान डोलावली. चाँद पाशा म्हणाला, बराबर हाय साहेब, आमचापन नारळ जातो. जळबाचा चेहरा उजळला. आपण नारळ नेला ते बरं केलं, असं त्याला वाटलं. ओढ्यातली सगळी माणसं एका सुरात सांगू लागली की व्हय, नारळ जातो, दर वर्षी जातो. लिहिणाऱ्याने आता लिहायला घेतलं. गोजरबाईला वाटलं, झालं, वाट मिळाली.

वकील किसनरावांच्या कानाशी वाकला. किसनराव ताठ बसले होते ते जरा सैल झाले, आणि त्यांनी आपलं म्हणणं तिथल्या तिथे बदललं. व्हय साहेब, वाट आहे. आमच्या वडिलांनी शेजारधर्म म्हणून जाऊ दिलं, मीही जाऊ दिलं. परवानगी मागायला येतात बिचारे दर वर्षी, नारळ घेऊन. वहिनी खोटं नाही बोलायच्या.

साहेबांनी विचारलं, "नारळ देताना काय म्हणता तुम्ही?"

"म्हनतो की वाट ऱ्हाऊ द्या," गोजरबाई म्हणाली.

तिने खाली सहीही केली. तिला सही येते याचा तिला अभिमान आहे.

निकाल या महिन्याच्या सुरुवातीला आला. तो गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला तिने. ओढ्यापर्यंतची पाणंद सार्वजनिक, ती सर्वांना खुली. त्यापुढे मात्र, "अर्जदार हे सामनेवाले यांच्या परवानगीने, व त्याची जाणीव ठेवून दरवर्षी नारळ देऊन, सदर जागेतून ये-जा करीत असल्याचे अर्जदार यांनी स्वतः कबूल केले आहे. सबब वहिवाटीचा हक्क सिद्ध होत नाही."

तिने विचारलं की कबूल केले म्हणजे चोरी कबूल करतात तसं का. तसंच, असं तिला सांगावं लागलं.

"देवळात जाताना आमी घंटा वाजवतो," ती म्हणाली. "म्हनून देऊळ घंटेवाल्याचं झालं व्हय?"

याचं उत्तर असायला हवं होतं, त्या खुर्च्यांवर बसलेल्या एका तरी माणसाकडे. त्यातले सगळे याच जिल्ह्याचं मीठ खाणारे. येळवशीचं ताट कोणाच्या घरी गेलं नसेल? तो नारळ काय असतो हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि वाचणाऱ्यालाही. पण कागदावर उतरताना माणसाची रीत गुन्ह्यासारखी उतरली, आणि ज्याने तिचा गुन्हा केला तो शेजारधर्मवाला ठरला. चाँद पाशाचं म्हणणं पडलं की मावशीनं नारळाचं नाव काढायलाच नको होतं. रहमतबीने त्याला तिथेच झापलं. खरं बोलली ती, चुकली असली तर तुझी कचेरी चुकली.

पण रात्री-दिवसा गोजरबाईला तेच खात होतं. किसनराव तर वाट नव्हतीच म्हणत होते. ते खोटं कोणीही पाडलं असतं. नारळ तिने दिला. स्वतःच्या हाताने, सासऱ्याच्या जिवावर उड्या मारत, तिने त्यांच्या हातात दिला. जळबाशी ती दोन दिवस बोलली नाही आणि नंतर बोलली ती दोन दिवसांचं एकदम.

तोवर हळद पिकून पाला वाळला होता. खणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जमिनीत राहिली तर पुन्हा कोंब धरते. खणली. सोन्यासारखा ढीग रानात पडला, आणि किसनराव संध्याकाळी आपल्या फरशीवर खुर्ची टाकून तो ढीग बघत बसू लागले. एकदा ते धुऱ्यावर आले आणि म्हणाले, "वहिनी, नासवू नका. रानाचा शब्द द्या, आजच फाटक उघडतो."

ती काही बोलली नाही. एवढी वर्षं तिला ओळखणाऱ्या माणसाने त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं.

तिने रात्रभर विचार केला असं म्हणायला हरकत नाही, पण ती म्हणते विचार असा काही केला नाही. सकाळी रहमतबीच्या दारात गेली आणि चाँद पाशाला म्हणाली, "कुकर काढ."

"कुठं मावशी? फाटक हाय ना."

"फाटकाच्या अलीकडं. जिथवर सरकारची वाट हाय तिथवर. कागदात लिवलंय, सर्वांना खुली. मी सर्वांतली न्हाई का?"

चाँद पाशाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो आधी हसला आणि मग घाबरला. किसनरावांचं घर फाटकाच्या आत. त्यांच्या गाडीला बाहेर पडायचं तर फाटक, ओढा आणि मग तीच पाणंद. दुसरी वाट नाही. आणि पाणंद एकच गाडी जाईल एवढी. रहमतबी आतून म्हणाली, "काढ रे. पाणी मी भरते."

म्हणजे आज, मंगळवारी, ऊन चढायच्या आत कुकर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, पाणंदीच्या मधोमध उभा राहिला. टाकी भरली, जाळ लागला. गोजरबाई, जळबा, रहमतबी आणि ओढ्यापलीकडे रान असलेल्या घरांतल्या बाया टोपल्यांनी हळद वाहू लागल्या. रानातून धुऱ्यावर, धुऱ्यावरून फटीतून, फटीतून ओढ्यात. त्या माणुसकीच्या फटीतून एकेक बाई आडवी होऊन, टोपली आधी पलीकडे देऊन, मग स्वतः निघत होती. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. जी हळद एका ट्रॅक्टरच्या फेरीत आली असती ती बायांच्या डोक्यावरून येत होती. हे ज्याला बघायचं असेल त्याने बघावं आणि मग परवानगी या शब्दाचा अर्थ सांगावा.

पिंपं भरली. वाफ धरली. वास गावभर गेला.

आणि किसनराव घरातून बाहेर पडले. त्यांच्या पुतण्याचा हिंगोलीत साखरपुडा होता. कडक इस्त्री, डोक्याला टोपी, बायको जरीच्या पातळात, मागच्या सीटवर ओटीचं ताट, साड्या, पेढे. फाटक उघडलं. गाडी ओढ्यात उतरली, आणि कुकरसमोर थांबली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. रहमतबी टाकीत पाणी ओतत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

किसनराव उतरले. बुटाखाली हळदीचं पिवळं पाणी वाहत होतं. त्यांनी चाँद पाशाला आधी गोड आवाजात आणि मग दुसऱ्या आवाजात सांगितलं की कुकर बाजूला घे. चाँद पाशा म्हणाला की पिंपात वाफ हाय मालक, हलवला तर नळी सुटंल, मानूस भाजंल. आता शिजल्यावरच हलंल. ते खरंही होतं.

तेव्हा ते गोजरबाईकडे वळले. वहिनी, आम्हाला उशीर होऊन राहिला, पाहुणे वाट बघत असतील, हा काय प्रकार आहे. ही सार्वजनिक वाट आहे, ती अडवता येत नाही, मी पोलीस बोलवीन.

गोजरबाईच्या डोक्यावर टोपली होती. ती तिने उतरवली नाही.

"बोलवा. वाट अडवली म्हनून तुमीच बोलवा. मीबी तेच म्हनून राहिले दिवाळीपासून."

काठावर माणसं जमली होती. कोणीतरी हसलं. किसनरावांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, काय पाहिजे तुम्हाला?

"रीत हाय ना आपली," गोजरबाई म्हणाली. "वाट पाहिजे तर मानूस नारळ घेऊन येतो. म्हनतो, वाट ऱ्हाऊ द्या. तुमच्या वकिलाला ठावं हाय."

आता किसनरावांनी गप्प बसायचं होतं. गाडी मागे घेऊन घरात बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण अर्धा गाव बघत होता, मुहूर्त निघून चालला होता, आणि हा माणूस कधी कोणासमोर थांबलेला नव्हता. ते तरातरा गाडीकडे गेले, मागचं दार उघडलं, ओटीच्या ताटातला नारळ उचलला. त्यांची बायको "अहो, तो तिकडच्या ओटीचा आहे," एवढंच म्हणाली. त्यांनी तो नारळ आणून कुकरच्या चाकावर आदळला.

"घ्या तुमचा नारळ. झालं समाधान? सोडा आता वाट."

चाँद पाशाने मोबाइल केव्हाच वर धरला होता.

गोजरबाईने आता टोपली उतरवली. पदराला हात पुसले, चिखलात पडलेला नारळ उचलला आणि काठावरच्या माणसांना दिसेल असा धरला. तिचा आवाज चढला नव्हता. चढलेला आवाज तिचा रोजचा असतो. हा वेगळा होता.

"बगा. किसनरावांनी नारळ दिला आन् वाट मागितली. म्हंजी ही पाणंद आजपासून माझी झाली व्हय? ह्यांनी माझ्या परवानगीनं जायचं व्हय? कागदात तसंच लिवलंय ना, नारळ देतो त्याचा हक्क न्हाई म्हनून?"

किसनरावांची नजर चाँद पाशाच्या मोबाइलवर गेली. तिच्या हातून जे झालं तेच त्यांच्या हातून झालं होतं, फक्त तिने ते भरवशाने केलं होतं आणि त्यांनी तिरस्काराने.

तिने नारळ त्यांच्या हातात परत दिला. "आमी न्हाई ठिवून घेत. तुमच्या बापानं अर्धा तरी परत द्यायची रीत ठिवली व्हती. मी आख्खा देते. जावा, चालत जावा. पाय चालू हायेत."

गाडी ओढ्यात राहिली. किसनराव मागे गेले, कोणाला तरी फोन लावले, मग खरंच कुकर आणि बाभळीच्या कुंपणामधल्या सांदीतून आडवे होऊन बाहेर पडले. बाभळीने टोपी ओढली. त्यांच्यामागून त्यांची बायको निघाली, पातळ वर धरून, ओटीचं ताट डोक्यावर घेऊन. रहमतबीने तिला हात दिला. त्या बाईवर कोणाचा राग नव्हता. येळवशीचं ताट रिकामं करून, धुऊन, त्यात मूठभर गहू घालून परत पाठवणारी तीच एक होती. तिने गोजरबाईकडे पाहिलं नाही, पण जाताना रहमतबीचा हात लगेच सोडलाही नाही.

हळद शिजली. हळकुंड दाबलं की बोट रुततं, गवताची काडी आरपार जाते, तशी. पिंपं उपसली, जाळ विझवला आणि कुकर बाजूला घेतला. गाडीला वाट मोकळी झाली तेव्हा तिला न्यायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी गोजरबाई डॉक्टरीणबाईंकडे आली. हात कोपरापर्यंत पिवळे, पायात काटा. तिला पुढचा अर्ज लिहून हवा होता, वरच्या कचेरीतला. चाँद पाशाने मोबाइलवर काढलेलं चित्र त्यात दाखवता येईल का, असं तिने विचारलं. दाखवू, पण त्याने काय होईल सांगता येत नाही, असं तिला खरं तेच सांगितलं. उद्या किसनराव तक्रार करतील, पोलीस येतील, वाट अडवली म्हणून गुन्हा तिच्यावर येईल; हेही सांगितलं. फाटकाला अजून कुलूप आहे. निम्मी हळद अजून रानात आहे.

"तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "उद्या ऱ्हायलेली वाहीन. परवा शिजवीन. पन अर्जात एक लिवा. नारळ आमी दिला, व्हय, दिला. आन् सांगा त्यास्नी, येत्या येळवशीला न्हाई देनार. न देता जाऊन दाखवीन."

अर्ज लिहिला. तिने वाचून घेतला, नारळाची ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि मग सही केली. सही करताना या वेळी तिने कागद नीट धरला होता, पण बोटाचा पिवळा डाग त्यावर उठलाच. दुसरा कागद घेऊ का म्हटलं, तर नको म्हणाली.

*

गोजरबाईने ओंजळभर शिजलेली हळद दिली, ती गच्चीवर जुन्या पातळावर पसरून ठेवली. टेबल पुसायचा फडका साबणात भिजवला. गॅसची टाकी संपली, दुसरी लावली.